किती डेटावर? आणि किती वेळ?

कुणी मला डेटाबेसचा टीपीएस (सेकंदाला किती ट्रान्झॅक्शन, म्हणजे व्यवहार, होतात तो आकडा) सांगितला की मी हे दोनच प्रश्न विचारते. त्यांची उत्तरं नसतील तर तो आकडा मी वहीत लिहीत नाही.

पोस्टग्रेस डेटाबेससोबत येणारं पीजीबेंच हे वेग मोजायचं टूल घ्या. स्केल (डेटा किती पट हवा तो आकडा) न देता चालवलं, तर ते एका नकली बँकेची 1 शाखा, 10 टेलर आणि 1 लाख खाती तयार करतं. त्याच्या नेहमीच्या टेस्टमध्ये प्रत्येक ट्रान्झॅक्शन शाखेची शिल्लक बदलतं, आणि शाखेची ओळ तर एकच! 50 क्लायंट (एकाच वेळी जोडलेले वापरकर्ते) लावा, 50 जण त्या ओळीच्या एकाच लॉकसाठी (एका वेळी एकालाच बदल करू देणाऱ्या कुलपासाठी) ताटकळतात. मग जो टीपीएस येतो तो ना डिस्कचा असतो ना सीपीयूचा, तो त्या खोळंब्याचा असतो. म्हणून स्केल निदान क्लायंटइतकं तरी ठेवावं. मी तर डेटा रॅममध्ये मावणार नाही इतकं वाढवते, कारण खरी डिस्क तेव्हाच कामाला लागते.

वेळेचंही तसंच. डीफॉल्ट सेटिंगला चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवायची फेरी, 5 मिनिटांनी येतो (लिखाण जड असेल तर आधीच). चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की 8 केबीचं अख्खं पान वॉलमध्ये (बदलांची आधी नोंद ठेवणाऱ्या लॉगमध्ये) लिहिलं जातं. तिथे लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) उसळते, आणि मिनिटभराच्या टेस्टला हे बहुधा दिसतच नाही. मी किमान तासभर चालवते आणि सरासरी बाजूला ठेवून 99वा पर्सेंटाइल (100 पैकी 99 ट्रान्झॅक्शन ज्या वेळेच्या आत होतात तो वेळ) बघते. ताटकळणारा युजर तिथेच सापडतो.

वाढीचं नियोजन करताना आजच्या टीपीएसला दोनाने गुणून भागत नाही. पुढच्या दोन वर्षांचा डेटा खोटा का होईना, भरायचा आणि आपल्याच क्वेरी त्यावर चालवायच्या. ओळी वाढल्या की प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) वेगळा प्लॅन निवडतो. 4 एमबीच्या वर्क मेममध्ये (सॉर्टिंगसारख्या कामाला मिळणाऱ्या मेमरीत) बसणारं सॉर्टिंग डिस्कवर सांडतं. हे एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये (क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणाऱ्या कमांडमध्ये) स्वच्छ दिसतं, फक्त डेटा आधी भरलेला हवा.

आणि आयडीचे कॉलम तपासाच. साध्या इंटिजरची मर्यादा 2147483647. रोज 50 लाख ओळी पडत असतील तर सव्वा वर्षाच्या आत ती गाठली जाते. तेव्हा टाइप बदलायला गेलात तर पूर्ण टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर त्यावर साधं सिलेक्टसुद्धा चालत नाही. नव्या टेबलला मी पहिल्या दिवसापासून बिगइंटच (खूप मोठ्या मर्यादेचा इंटिजर) लावते.