संस्थेचं बँक खातं उघडताना: माझा अनुभव

संस्था नोंदवणं म्हणजे फार कटकट, असं आम्हाला सगळ्यांनी बजावलं होतं. आमची नोंदणी मात्र रीतसर झाली, संस्था म्हणून एक आणि सार्वजनिक न्यास म्हणून एक, अशी दोन्ही प्रमाणपत्रं हातात पडली, पॅन कार्डही आलं. अडलो ते बँकेत. संस्थेच्या नावाने एक साधं बचत खातं उघडायला आम्हाला जे सोसावं लागलं, ते आठवलं की आजही चीड येते. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. जे कुणी आपापल्या गावात असं काही उभं करू पाहत आहेत, त्यांचा तरी वेळ वाचेल.

आमचं काम रुग्णसाहित्याचं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये तिथे रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातून, सोलापूरकडून, कोकणातून माणसं उपचाराला मिरजेला येतात. ऑपरेशन होतं, डिस्चार्ज मिळतो, आणि मग घरी लागतो वॉकर, कमोडची खुर्ची, एअरबेड, कधी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. तेही दोन-तीन महिन्यांपुरतं. ज्या घराचं सगळं दवाखान्यात संपलेलं असतं, त्या घराने हे नवीन विकत घ्यायचं कुठून? सांगलीत आम्ही काही जणी आणि काही जण एकत्र आलो. अनामत ठेवून वस्तू द्यायची, काम झालं की परत घ्यायची, एवढाच बेत.

कायद्याने सात माणसं पुरतात. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यात किमान सात सभासद लागतात. पण आमच्या वकीलबाई पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "सात सह्या मिळतील हो, सल्ला कुणाचा घेणार ते आधी ठरवा." त्यांचा दुसरा आग्रह असा, की सल्लागारांना कार्यकारिणीत कोंबू नका. कार्यकारिणीतलं एक नाव बदललं तरी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. सल्लागार बाहेर असले की ते मोकळेपणाने येतात, बोलतात आणि कुणाची परवानगी न लागता नवीन माणूसही आणता येतो.

मग आम्ही माणसं शोधली. लेटरहेडवर छापायला शोभणारी नावं नको होती. हे काम ज्यांच्या अंगाखांद्यावरून गेलं आहे अशी माणसं हवी होती. मिरजेच्या एका रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर आल्या. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलण्यात आयुष्य गेलेले हमालांचे मुकादम आले. अपघातानंतर व्हीलचेअरवर असलेला आमच्या गल्लीतला मुलगा, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले काका, एक सीए, सेवा केंद्र चालवणारी एक मुलगी, आणि नवऱ्याचं अंथरुणातलं सगळं सात वर्षं एकटीने केलेल्या एक आजी. जात, धर्म, शिक्षण, वय, कशाचाच मेळ नाही. बैठकीत पहिल्यांदा सगळे अवघडून बसले होते. आजींनी तोंड उघडलं आणि तो अवघडपणा गेला.

खातं उघडायच्या आधीच या मंडळींनी काय काय वाचवलं ते सांगते. पलंग घ्यायचं ठरत होतं, तेव्हा मुकादम म्हणाले, "ताई, ह्यो पलंग गावभागातल्या जिन्यात वळायचा न्हाई. सुटा हुणारा घ्या." व्हीलचेअरवाल्या मुलाने फुकट मिळणारी पहिल्या मजल्यावरची जागा नको म्हणून सांगितलं, आणि तो बरोबर होता, वॉकर न्यायला येणाऱ्याला जिना कसा चढवणार? नदीकडची दुसरी जागा मुकादमांनी नाकारली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत त्यांनी स्वतः माणसं बाहेर काढली होती. तळमजल्यावरचे कॉन्सन्ट्रेटर अशा पाण्यात कोण वाचवणार? आम्ही विश्रामबागच्या पुढे जागा घेतली.

आता बँक.

खात्याची घाई होती, कारण देणगीदार थांबले होते. रोख घेऊन चालणार नव्हतं. पुढे 80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत देणारी नोंदणी, मिळाली तरी 2,000 रुपयांच्या वरच्या रोख देणगीला करसवलत नाही, हे सीएंनी आधीच सांगितलं होतं. म्हणून 2024 च्या उन्हाळ्यात कागदांची फाइल घेऊन एका बँकेच्या शाखेत गेलो. बँकेचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या साहेबांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "मॅडम, यात ट्रस्ट डीड नाही."

नसणारच. आमची संस्था 1860 च्या कायद्याखाली नोंदलेली. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदली जाते आणि तिला एफ ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. अशा संस्थेचं न्यासपत्र, म्हणजे ट्रस्ट डीड, नसतंच. असतं ते संस्थापन पत्र आणि नियमावली, ज्याला आपण घटना म्हणतो. मी हे सांगितलं. साहेब म्हणाले, "पण पॅनवर टी आहे." पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं; पी म्हणजे व्यक्ती, टी म्हणजे ट्रस्ट. आमचं पॅन टी चं. झालं. टी आहे म्हणजे ट्रस्ट, ट्रस्ट आहे म्हणजे ट्रस्ट डीड.

फाइल पुढे गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. दर वेळी काउंटरवर नवीन माणूस आणि तोंडी निरोप तोच. एकदा तर, शंभराच्या स्टँपवर एक डीड करून टाका ना, असंही सुचवण्यात आलं. या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. नोंदणी झालेल्या संस्थेने मागून एक बनावट जन्मपत्रिका करून जोडायची? उद्या ऑडिटमध्ये, बदल अहवालात ती काय म्हणून दाखवायची? वकीलबाईंनी तर हात जोडले, "काहीही करा, हे करू नका."

रविवारी सगळ्यांना बोलावलं. मतं फाटली. सीए म्हणाले, वेळ घालवू नका, दुसऱ्या बँकेत जा. मुकादम म्हणाले, मॅनेजरसमोर जाऊन बसू, उठायचंच न्हाई. काका मात्र दोन्हीला तयार नव्हते. दुसऱ्या बँकेतही हाच प्रश्न येणार, म्हणाले, आणि बसून राहिलात तर मॅनेजर गोड बोलून पाठवेल. त्यांनी रिझर्व्ह बँकेचे तेव्हा लागू असलेले 2016 चे केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचे, निर्देश काढले. त्यात ट्रस्टसाठी कागदांची एक यादी आहे, तिच्यात ट्रस्ट डीड आहे. व्यक्तींच्या समूहासाठी दुसरी यादी आहे, तिच्यात डीड नाही. कार्यकारी मंडळाचा ठराव, अधिकारपत्र, पॅन आणि संस्थेचं कायदेशीर अस्तित्व दाखवणारी कागदपत्रं आहेत. आणि त्याच ठिकाणी स्पष्ट म्हटलं आहे की व्यक्तींच्या समूहात सोसायट्या, म्हणजे आमच्यासारख्या संस्था, येतात. म्हणजे आमची यादी ही दुसरी. हे वाचताना काकांचा आवाज चढला होता. उभी हयात याच कामात गेलेल्या माणसाला ते लागलं होतं.

तरी गाडं का अडतंय ते कळत नव्हतं. ते सेवा केंद्रातल्या मुलीला कळलं. ती दिवसभर सरकारी पोर्टलवर लोकांचे अर्ज भरते. ती म्हणाली, "काकू, शाखेत कुणी तुमचे कागद वाचतच नसणार. फाइल दुसरीकडे तपासली जाते, तिथून शेरा येतो, इथले तो फक्त सांगतात. स्क्रीनवरचा शेरा जसाच्या तसा लिहून मागा." दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. आम्ही शेरा लेखी मागितला. बराच वेळ बसवून ठेवल्यावर मिळाला. खातेदाराचा प्रकार आणि जोडलेली कागदपत्रं जुळत नाहीत, एवढाच शेरा! अर्ज शाखेतच भरला गेला होता आणि पॅनवरचं अक्षर पाहून प्रकाराच्या रकान्यात ट्रस्ट निवडला गेला होता. त्याच यादीत खाली सोसायटी हा पर्याय होता.

एवढ्यासाठी आमचा अख्खा उन्हाळा गेला. त्या काळात आजींच्या ओळखीतल्या एका घराला एअरबेड भाड्याने घ्यावा लागला आणि आमच्याकडे देणगी कबूल झालेली असून आम्ही काही करू शकलो नाही. हे मी विसरणार नाही.

मग काकांनी एक पानी पत्र लिहिलं: संस्था कोणत्या कायद्याखाली आहे, तिला जन्म देणारा कागद कोणता, कोणत्या यादीप्रमाणे काय जोडलं आहे. वकीलबाईंनी धर्मादाय कार्यालयातून आमच्या नोंदीचा प्रमाणित उतारा काढून ठेवला होताच, त्यात विश्वस्तांची नावं असतात, तो जोडला. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. हा शिक्का फार कामाचा. बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर एकात्मिक लोकपाल योजनेत रिझर्व्ह बँकेकडे फुकट तक्रार करता येते. आम्हाला ती वेळ आली नाही. शिक्क्यानंतर आठवड्याभरात खातं क्रमांकासकट झालं. मी पासबुक घेऊन थेट मुकादमांकडे, मार्केट यार्डात गेले. त्यांनी तिथल्या सगळ्यांना ते दाखवलं.

मधल्या काही गोष्टी आठवतील तशा सांगते. विश्वस्तांची नावं नोंदणी अर्जात आधारवर आहेत तशीच लिहा, वेलांटी-उकारासकट. आमच्याकडे हे सेवा केंद्रातल्या मुलीने आधीच तपासल्यामुळे केवायसीत एकही नाव अडलं नाही. चालू खातंच घ्या असा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा, 1860 च्या कायद्याखालच्या संस्थेला बचत खातं मिळतं. आधी दर्पण क्रमांक आणा, असंही सांगतील. 2023 पासून नियम असा आहे की ना-नफा संस्थेची नोंद नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नसेल तर ती बँकेने करायची. फॉर्मवर लाभार्थी मालक कोण, असा रकाना येतो. सिस्टरनी तो वाचून "रुग्ण" असं उत्तर दिलं होतं आणि मनाने ते खरंच आहे. कागदावर मात्र तिथे संस्था कोण चालवतं एवढंच विचारलेलं असतं. सोसायटीवर कुणाची मालकी नसते, त्यामुळे प्रमुख पदाधिकाऱ्याचं नाव जातं.

सह्यांचा ठराव करताना "तिघांपैकी कोणतेही दोन" असं लिहा. हा आग्रह सिस्टरचा. रात्री कुणाचा श्वास अडला तर कॉन्सन्ट्रेटर दुरुस्तीचे पैसे सकाळी लगेच जायला हवेत, त्यासाठी कुणी परगावाहून परतायची वाट बघायची नाही, असं त्या म्हणाल्या. आणि तिघांतलं एक नाव तरी कायम सांगलीत राहणाऱ्याचं हवं.

सल्लागारांना बोलावताना वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. मुकादम रविवारशिवाय येऊ शकत नाहीत, म्हणून आमची बैठक रविवारीच. आजींना रिक्षा आम्ही पाठवतो, तो खर्च वर्गणीतून. मुलाची व्हीलचेअर आत येईल असंच घर निवडतो. एवढं केलं नाही तर शेवटी वकील, सीए आणि निवृत्त साहेब एवढेच उरतात आणि जिन्यात न वळणारा पलंग घरी येतो.

आता आयकर सवलतीच्या तात्पुरत्या नोंदणीचा फॉर्म भरायचा आहे, ती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळते. येत्या रविवारी सीए तो फॉर्म सगळ्यांसमोर रकान्या-रकान्याने वाचणार आहेत. मुकादमांनी निरोप पाठवला आहे, मी आल्याबिगर सुरू करू नका.