नोकरी शोधायची सोडून गेम का खेळते?

तुम्ही विचारलंत म्हणून. नणंदेनं विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, जुन्या टीममधल्या मैत्रिणींनी तर दोनदोनदा: हातात नोकरी नाही आणि तू रात्री प्रिन्स ऑफ पर्शिया कसली खेळत बसतेस?

अर्ज करते मी. रोज सकाळी दहा ते एक, पोर्टलवर, ओळखीपाळखीतून. चौदा वर्षं सॉफ्टवेअरचं मॅन्युअल टेस्टिंग केलंय, म्हणजे हातानं तपासणी; तीच प्रोग्रामकडून करून घ्यायचं ऑटोमेशन आता शिकतेय. हे आधी ऐकून घ्या.

फेब्रुवारीत एका कंपनीत चार राउंड झाले. एचआरचा फोन आला, ऑफर लेटर दोन दिवसांत येईल. मी त्याच पावली मिरजेला बाबांना कळवलं. लेटर हातात येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण अकरा महिन्यांत पहिल्यांदाच काही सांगण्यासारखं होतं. बाबांनी पेढे आणून गल्लीत घरोघरी दिले. सोमवारी मेल आला: पोझिशन होल्डवर गेली आहे. दोन ओळी, कारण नाही. फोन लावला, कुणी उचलला नाही. बाबांना सांगायला गुरुवार उजाडला. ते बोललेच नाहीत. मागे टीव्हीवरच्या बातम्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मग म्हणाले, "बरं. मी कुणाला काही सांगत नाही."

त्या रात्री डॉसबॉक्स उतरवून घेतलं, जुने डॉसवरचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम.

प्रिन्स ऑफ पर्शिया डॉसवर आला 1990 साली. आम्ही तो 1995 मध्ये दादाच्या कॉम्प्युटर क्लासात खेळलो. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरनं स्वतःच्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. म्हणून तो कठड्याला लोंबकळला की खरंच माणूस लोंबकळल्यासारखा दिसतो. आमच्याकडे राजपुत्राला पळवायचा दादा, मी शेजारी बसून कुठली फरशी सैल आहे ते वहीत मांडायची. उडी मारली की सैल फरशी खडखडते. दोन मजल्यांवरून पडलात तर एक जीव जातो, तीन मजल्यांवरून पडलात तर संपलात. मेलात की कशानं मेलात ते समोर दिसतं. मला सध्या एवढंच हवंय.

पण अख्ख्या गेमला साठच मिनिटं असतात, आणि मेल्यावर लेव्हल पहिल्यापासून मिळते, गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. तेव्हा ते मला दुष्टपणाचं वाटायचं. आता मी पंधरा महिन्यांचा गॅप घेऊन बसलेय, आणि नोकरीत मुलाखतींच्या पॅनेलवर असताना गॅप दिसला की बायोडेटा मीच बाजूला ठेवत होते. कारण कधी कुणाला कळवलं नाही.

आणि हो, मार्चमध्ये भर सकाळी अकराला अनोळखी नंबर वाजला. माझा नववा लेव्हल चालू होता. लेव्हलच्या शेवटच्या दारापर्यंत पोचते न् मग घेते म्हटलं. नंतर लावला तर लागला नाही. हे घरात कुणाला माहीत नाही. तुमचं म्हणणं खरं ठरवायला एवढं पुरे असेल, तर ठरवा. तरी आज रात्री मी खेळणार आहे.

बाराव्या लेव्हलला अडकलेय. ती वही मिरजेला माळ्यावर आहे, दादाच्या ट्रंकेत. बाबांना काढून ठेवा म्हणायचं तर फोन करावा लागेल, आणि उचलल्या उचलल्या ते विचारतील.