सोलकॅलिबर ६ : किलिकची काठी अन् पायाचं गणित

तर मंडळी, सोलकॅलिबर ६ म्हणजे दोघांनी शस्त्रं घेऊन लढायचा व्हिडिओ गेम, अन् त्यातल्या मित्सुरुगी या खेळाडूची कटाना, म्हणजे जपानी तलवार, ठेवली बाजूला. लय दिवस त्याच्यावरच खेळून रायलो होतो, हात बसला होता, पण मावसभावानं त्याचे सगळे डाव पाठ करून टाकले अन् मंग मजा गेली, म्हणून या पावसाळ्यात किलिक घेतला. लांब काठीवाला. १९९८ च्या आर्केडवाल्या सोलकॅलिबरपासून तो सिरीजमधी हाय, अन् त्याच्या काठीचं नाव काय तर कलियुग, हे कळल्यावर भाचा असा हसला की कंट्रोलर पडता पडता रायला.

सेटअप तोच, ज्यांनी आधीचं वाचलं नाई त्यांच्यासाठी सांगतो. वरुडकडं गाव, संत्र्याचा बगीचा, पीएस फोर नागपूरहून सेकंडहँड आणलेला, गेम डिस्कवर, कंट्रोलर दोन, खेळणारे आम्ही चारपाच. उन्हाळ्यात खेळणं होतच नाई कारण शेताच्या फिडरले कधी दिवसा लाईन असते कधी रात्री, अन् रात्रीची पाळी आली की ओलिताले जा लागते. पावसाळ्यात ओलित बंद, मंग रात्री मोकळ्या, फक्त वारं सुटलं की गावची लाईन जाते अन् इन्व्हर्टरवर खेळायचं म्हटलं की माय म्हणते पंखा बंद कर मंग खेळ. चालते.

आता मुद्द्यावर. किलिक घेतल्यावर पहिले कळलं की मित्सुरुगीवर मी बटणावर जगत होतो. हा गेम बटणाचा नाईच. ज्यांना माहीत नाई त्यांच्यासाठी थोडक्यात, ए म्हणजे आडवा वार, बी म्हणजे उभा वार, के म्हणजे किक अन् जी म्हणजे गार्ड. उभा वार जोरात लागते पण समोरचा बाजूले सरकला की हवेत जाते. आडवा वार सरकणाऱ्याले पकडते, पण त्यातले बरेचसे वरून जाते, खाली बसलं की डोक्यावरून निघून जाते. एवढंच गणित हाय सगळं, अन् ते पायावर चालते. दिशा धरून ठेवली की खेळाडू आठही बाजूंनी चालते, हे एट वे रन पहिल्या सोलकॅलिबरमधी आलं अन् तेव्हापासून या सिरीजचा जीव तोच हाय असं माझं मत. टेकन या दुसऱ्या मारामारीच्या गेममधी तुम्ही जास्त करून पुढं मागं जाता, इथं गोल फिरता, अन् एक पाऊल चुकीच्या बाजूले टाकलं की समोरच्याची कुऱ्हाड बरोबर तिथंच येते.

आमच्या गावातल्या पोट्ट्यांचा प्रॉब्लेम इथंच हाय. सगळे टेकन ३ वर वाढलेले. तालुक्याच्या गेम पार्लरमधी एका रुपयाची अन् दोन रुपयाची पिढी म्हणा ना. टेकनमधी मागं धरलं की गार्ड होते, इथं त्याले वेगळं बटण हाय. नवीन पोट्टा आला की मागं धरून बसते, तोंडावर मार खाते अन् म्हणते, "अबे, कंट्रोलर खराब हाय तुझा." आता मी आधीच सांगून टाकतो, हे टेकन नाई, गार्डचं बटण दाब, मंग बोल.

मावसभाऊ अस्टारोथ खेळते. तोच तो दांडगा, कुऱ्हाडवाला. हळू हाय, पण पकडलं की संपलं, अन् त्याच्या काही पकडी समोरच्याले सरळ रिंगच्या बाहेर फेकते. इथं अर्धी हेल्थ असो की पूर्ण, रिंगच्या बाहेर पडलं की राउंड गेला. तर परवाची मॅच सांगतो कारण त्यात सगळं हाय. शेवटचा राउंड, माझी हेल्थ त्याच्यापेक्षा बरी, पण माझी पाठ काठावर. पहिले असतं तर मी घाबरून गार्ड धरला असता अन् त्यानं पकडून खाली फेकलं असतं, कारण पकडीले गार्ड चालत नाई. तो पुढं आला, मले वाटलं आता पकडते, पण त्यानं कुऱ्हाड वरून टाकली, उभा वार. मी डाव्या बाजूले नुसतं पाऊल टाकलं, बटण काहीच नाई. कुऱ्हाड माझ्या शेजारून जमिनीत गेली, अस्टारोथचं तोंड काठाकडं, माझं त्याच्या बाजूले, अन् मंग किलिकची काठी आडवी, एकच. गेला खाली. मावसभाऊ कंट्रोलर मांडीवर ठेवून माझ्याकडं पाहत बसला. "तू मारलंच नाई बे मले, मी सोताच पडलो," म्हणते. बरोबर हाय त्याचं, पण असं पाडता येते म्हणूनच तर हा गेम खेळतो आपण.

मोठेबाबा तरुणपणी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात लाठी शिकून आलेले, ते मंडळ १९१४ पासूनचं, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकले तिथली टीम जाऊन आली, हे सगळं त्यांच्या तोंडून हज्जारदा ऐकलंय. ते एकदा मागं खुर्ची टाकून बसले होते, मी किलिक घेऊन काठी गरगर फिरवून रायलो होतो, ट्रेनिंगमधी, दिसायले एकदम भारी. ते म्हणे, "बाबू, काठी लय फिरवते हा पोट्टा, पण पैतरा कुठं हाय याचा? पाय तर एका जागी हाय." अन् खरंच, माझा किलिक एका जागी उभा होता. त्यानंतर मी ट्रेनिंगमधी डमीले उभा वार रेकॉर्ड करून लावला, मंग आडवा, मंग दोन्ही मिक्स, अन् मी फक्त चालायचं, मारायचं नाई. कंटाळवाणं हाय हे, कबूल. भाचा म्हणे हे काय खेळणं हाय का, नुसता फिरून रायला. पण कोणाले सिरियस शिकायचं असेल तर हेच करा, कॉम्बो, म्हणजे एकामागं एक जोडलेले वार, नंतर शिका, कॉम्बोचे व्हिडिओ पाहून पोट्टे लांब लांब डाव पाठ करते अन् मॅचमधी पहिला वारच लागत नाई तर पुढचा कॉम्बो काय कामाचा.

किलिकचं एक चांगलं हाय, काठी लांब, मधल्या अंतरावर समोरच्याले रोखून धरता येते. जवळ आला की मात्र हातपाय आखडते माझे. म्हणून सध्या अंतर राखणं हाच अभ्यास.

आता रिव्हर्सल एज नावाचा डाव, ज्याच्यावरून आमच्याकडं दर वेळी भांडण. ज्यांनी खेळलं नाई त्यांच्यासाठी, बी अन् जी सोबत दाबून धरलं की तुमचा खेळाडू समोरचे वार झेलत झेलत एक वार मारते, तो लागला की दोघं जवळ, कॅमेरा झूम, सगळं स्लो मोशन, अन् दगड कागद कैची सुरू. आडवा किकले हरवते, किक उभ्याले, उभा आडव्याले, शिवाय बाजूले सरकता येते, मागं जाता येते. त्याले खास डावांसाठी भरणारं गेज लागत नाई, फुकट. भाच्याले हे लय आवडते कारण त्याले मॅच जिंकायचा एक चान्स मिळते, एरवी मावसभावासमोर तो उभा रायत नाई. मावसभाऊ म्हणते हा जुगार हाय, मी अर्धा तास पैतरे शिकलो अन् याच्यात नशिबानं मार खातो, शिवाय दर वेळी तो सीन पाहा लागते, मॅचची लय तुटते. बाहेरच्याही लय जुन्या खेळाडूंचं हेच म्हणणं हाय, मी वाचत असतो.

माझं मत दोघांच्या मधी नाई, मावसभावाच्याच बाजूचं हाय, पण कारण वेगळं. नशिबाचा मले राग नाई. राग याचा हाय की रिव्हर्सल एज पाय बंद करते. ज्या गेमचा सगळा जीव चालण्यात हाय त्याच्या मधात दोघांले एकमेकांसमोर खिळून ठेवलं. पण हेही सांगतो, त्याले तोड हाय अन् पोट्टे ती वापरत नाई. ब्रेक अटॅक, म्हणजे हे तोडणारे ठरावीक वार, मारा, तुटते. पकडा, पकडल्या जाते. किंवा बाजूले सरका, तो वार सरळच येते. भाच्याले मी आता दरवेळी सरकून मारतो तर तो म्हणते मामा तुम्ही चीटिंग करता. त्याले म्हटलं गार्ड इम्पॅक्ट शिक, पुढं अन् जी, बरोबर टायमाले, वरचा मधला खालचा कुठलाही साधा वार परतवते. त्याच्यात खरी मजा हाय, पण टायमिंग पाहिजे म्हणून कोणी शिकत नाई, दाबून धरणं सोपं.

अन् लीथल हिट चांगलं आणलं त्यांनी, प्रत्येकाच्या ठरावीक वाराले ठरावीक अट, अट पुरी झाली की मोठा फटका. समोरच्याच्या सवयीवर शिक्षा देता येते. यावर कोणी भांडत नाई आमच्याकडं.

जुन्या गेमबद्दल आमच्यात दोन पार्ट्या. मावसभाऊ म्हणते दोन नंबर म्हणजेच सोलकॅलिबर, बाकी सगळे त्याची कॉपी. २००३ मधी कन्सोलवर आला तेव्हा प्रत्येक कन्सोलले बाहेरचा वेगळा पाहुणा खेळाडू, गेमक्यूबले लिंक, एक्सबॉक्सले स्पॉन, अन् पीएस टूले टेकनचा हेइहाची. आता टेकनवर वाढलेल्या पोट्ट्यांसमोर हेइहाची ठेवला तर ते दुसरं काही म्हणणारच नाई, मावसभावाचा सगळा जीव त्या हेइहाचीत अडकला हाय, गेममधी नाई, अन् हेइहाचीजवळ शस्त्रच नाई हे त्याले सांगितलं की चिडते. पहिला ड्रीमकास्ट या कन्सोलवर १९९९ मधी आला अन् फामित्सू या जपानी गेम मासिकानं त्याले ४० पैकी ४० दिले, पण आमच्यापैकी कोणी ड्रीमकास्ट डोळ्यानं पाह्यला नाई त्यामुळं त्याच्यावर मी बोलत नाई. तीन नंबर २००५ चा, त्यात स्वतःचा खेळाडू बनवणं आलं. चार नंबरमधी योडा अन् डार्थ व्हेडर, २००८, ते पाहून मले तेव्हाही कसंतरीच वाटलं.

पाच नंबरवर मात्र आम्ही सगळे एक. २०१२ मधी आला, गोष्ट १७ वर्षं पुढं नेली, ताकी नाई, सोफितिया नाई, तालिम नाई, शिआंगहुआ नाई, अन् किलिक होता पण काठी त्याच्या हातात नाई, ती स्टाईल दिली झिबा नावाच्या नवीन पोट्ट्याले, अन् किलिक दुसऱ्यांची शस्त्रं उचलून खेळते. आता मी किलिक खेळतो म्हणून नाई म्हणत, पण ज्याले लोक इतके वर्षं ओळखते त्याची काठी काढून घेणं म्हणजे काय. लढाई चांगली होती पाचची, हे मावसभाऊही मानते. पण आपला खेळाडूच नाई तर लढून काय करू.

म्हणून २०१८ मधी सहा आला अन् त्यांनी गोष्ट पहिल्यापासून सुरू केली, काठी परत किलिककडं, तेव्हा माफ केलं. तीरा मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे पैसे देऊन, हे आजही खटकते, जुनी खेळाडू हाय ती, डिस्क घेणाऱ्याले डिस्कमधी भेटली पाहिजे. नंतर सेत्सुका, हिल्डे, कॅसांड्रा, सामुराय शोडाऊनचा हाओमारू, अन् २०२० च्या डिसेंबरात ह्वांग, सगळे तसेच. आमच्याकडं यापैकी कोणी नाई, अन् खरं सांगू का, घरात खेळणाऱ्याले काही अडत नाई.

ऑनलाइनचं विचारू नका. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, अन् टॉवर गावाबाहेर. हा गेम सेकंदाले ६० फ्रेमवर चालते अन् ऑनलाइन डिलेवाला हाय, नेटचा उशीर झाकणारं रोलबॅक नाई, म्हणजे नेट हललं की बटण दाबल्यावर वार उशिरा निघते. गार्ड इम्पॅक्ट तर सोडूनच द्या. म्हणून मले ते टियर लिस्टचे व्हिडिओ पाहून हसू येते, कोण वर कोण खाली, ते सगळं चांगल्या नेटवाल्यांचं अन् टूर्नामेंटवाल्यांचं. आमच्या घरातली टियर लिस्ट अशी की मावसभावाचा अस्टारोथ सगळ्यात वर, कारण त्याच्याइतका हलकट रिंगआउट कोणी टाकत नाई, अन् शेजारच्या पोट्ट्याची आयव्ही सगळ्यात खाली, कारण तिच्या पकडींचे इनपुट त्याले जन्मात जमणार नाई तरी तो तिलेच घेते. दिसायले भारी वाटते म्हणे ती सापासारखी तलवार.

लिब्रा ऑफ सोल, म्हणजे स्वतःचा खेळाडू घेऊन गोष्ट खेळायचा मोड, त्यात आमचा एक स्वतःचा बनवलेला हाय, किलिकचीच स्टाईल दिली, डोक्यावर फेट्यासारखं काहीतरी जमवलं. मोठेबाबांनी पाह्यलं अन् म्हणे दांडपट्टा का नाई याच्यात? जगभरची शस्त्रं घातली, वोल्डोच्या दोन्ही हातांत कट्यारी हाय, मंग पट्टा काहून नाई. याचं उत्तर मजजवळ नाई पण मागणी एकदम बरोबर हाय. लांब लवचिक पातं, मनगटापासून कोपरापर्यंत हात झाकलेला, गरगर फिरून चारी बाजू राखणारा खेळाडू, या गेममधी शोभला असता.

पुढचं ठरवलंय ते असं. पकड सोडवणं, ए की बी हे पकडल्याबरोबर ओळखणं, कारण अस्टारोथसमोर तेच लागणार, अन् मावसभाऊ आता उभा वार टाकणंच बंद करून रायला, पकडीवरच आलाय. दुसरं, जवळच्या अंतरात किलिकनं काय करावं हे. कोणी किलिकवाला असेल तर सांगा, विशेषतः समोर वोल्डो आल्यावर, कारण तो पाठ करून उभा रायते अन् पाठीकडूनही वार करते, मी कोणत्या बाजूले सरकू हेच मले समजत नाई.