तुम्ही विचारलंत म्हणून : काच बसवल्यावर आत कोण बघतंय?

मी प्लास्टिकच्या किटमधून विमानांची छोटी मॉडेलं बनवतो. घरी येणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. बेळगावच्या उद्यमबागेत विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणारे आमचे मामा तर उरलेली तांब्याची तार माझ्या हातात ठेवता ठेवता म्हणतात, "एवढंसं विमान. वर काच लावलीस की आत कोण बघतंय रे? कशाला डोळे फोडून घेतोस?"

प्रश्न रास्त आहे. १:४८ मापात, म्हणजे खऱ्याच्या ४८ पटीनं लहान, स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं अख्खं कॉकपिट अंगठ्याच्या पेरात मावतं. किटमध्ये सीट, विमान चालवायचा दांडा आणि डायलचं स्टिकर येतंच. तरी मी ते बाजूला ठेवून स्टायरीन प्लास्टिकची शीट, तार आणि मलमाच्या ट्यूबचा पत्रा घेऊन बसतो. कारण हातानं बनवल्याशिवाय ते विमान मला कळत नाही.

आता दांडाच घ्या. फोटोत साधा दिसतो, वर गोल मूठ. बनवायला घेतला की लक्षात येतं, पुढेमागे तो बुडापासून हलतो, पण डावीउजवीकडे फक्त वरचा भाग वळतो. मध्ये सांधा आहे. धड इतकं अरुंद, की अख्खा दांडा कलला असता तर वैमानिकाच्या मांडीत अडकला असता. किटमधल्या सरळ काडीत हा सांधा नसतो.

पायाखालचंही तसंच. बरीच किटं सपाट फरशी देतात. खऱ्या स्पिटफायरला तशी फरशीच नव्हती, टाचा टेकायला दोन पट्ट्या आणि खाली थेट विमानाचं पोट. पेडलना एकावर एक दोन पायऱ्या. झुंज सुरू झाली की पाय वरच्या पायरीवर घ्यायचे, म्हणजे जोरदार वळणात रक्त पायांत कमी उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी उशिरा येते. दोन बारीक पट्ट्या चिकटवताना माणसाच्या रक्ताचा विचार झालेला दिसतो, मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि चाकं उचलायचा लिव्हर! तो उजव्या भिंतीवर आहे. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा लिव्हर, डाव्या हाताशी, दांडा उजव्या हातात. म्हणजे विमानानं जमीन सोडली रे सोडली, की डावा हात थ्रॉटलवरून काढून दांडा धरायचा आणि उजवा हात चाकांसाठी मोकळा करायचा. सुरुवातीच्या मार्क १ आवृत्तीमध्ये तर त्या उजव्या हातानं पंप मारावा लागे, आणि पंपाच्या तालावर दांड्यावरचा डावा हातही हलायचा. नवख्याचं विमान खालीवर डुलत वर चढायचं. मी हे वाचलं होतं, पण पटलं ते लिव्हर चिमट्यानं जागेवर बसवताना. माझेच हात आपोआप अदलाबदल करून बघायला लागले.

कामाचं म्हणाल तर, ४० गेजची तार ०.१२ मिलिमीटर जाड, म्हणजे ४८ पटीनं साधारण ६ मिलिमीटरची नळी झाली. सीटचे पट्टे ट्यूबच्या पत्र्याचे. त्यांवरची भोकं बोथट सुईनं नुसती दाबायची, आरपार नाही. ८ सेंटीमीटरचा डायल इथे पावणेदोन मिलिमीटरचा होतो. भोकं पाडलेलं पॅनल पुढे, मध्ये पारदर्शक फिल्म, मागे छापलेले आकडे. निव्वळ काळा रंग मात्र देऊ नका, सगळं बुडून जातं. काळपट राखाडी घ्या.

बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी रॉयल एअर फोर्सनं १९४२ मध्ये बांधली. पुढे त्याच युद्धात भारतीय वायुसेनेच्या ८ नंबर स्क्वाड्रननं ब्रह्मदेशात स्पिटफायर उडवली. बेळगावात वाढलेल्या आम्हा पोरांनी विमानं पाहिली ती खालून, पोटाकडून. आत बसून माणूस काय करत असेल, हे कुतूहल तेव्हापासूनचं आहे.

राहिला मामांचा प्रश्न. स्पिटफायरला डाव्या बाजूला छोटं दार असतं. ते मी उघडं ठेवतो आणि काच मागे सरकवलेली. त्या दारातून नेमकी उजवी भिंत दिसते, म्हणून तिच्यावरचं काम मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन करतो.