फिटरच्या वर्गातील मुली

आज भाचीच्या प्रवेशाच्या कागदपत्रांसाठी तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये गेले असताना फिटरच्या कार्यशाळेत थोडा वेळ थांबता आले. एक मुलगी व्हाइसमध्ये पकडलेल्या लोखंडी ठोकळ्यावर कानस चालवत होती. मध्येच तो ठोकळा सोडवून, त्याला गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून तो उजेडाकडे धरायची आणि फटीतून बारीकशी रेघ जरी दिसली, तरी पुन्हा घासायला लागायची. तिच्या तुकडीत मुली मात्र मोजक्याच होत्या.

शासकीय आयटीआयमध्ये महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असूनही मुलींचा (खरे तर घरच्यांचा) ओढा शिवणकाम आणि ब्युटी पार्लरकडेच अधिक दिसतो. त्या व्यवसायांना मी कमी लेखत नाही. पण फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या मुलीला कारखान्यात विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी करता येते आणि पुढे महिन्याच्या पगाराची वाट खुली होते.

निदेशकांच्या सांगण्यानुसार पालकांची पहिली शंका मुलीला हे काम जमेल का, ही नसतेच; ती असते रात्रपाळीची आणि एसटीच्या शेवटच्या फेरीची. ही शंका रास्त आहे, आणि एमआयडीसीजवळ मुलींचे वसतिगृह व शिफ्ट सुटल्यावर बस, एवढी सोय केल्याशिवाय नुसत्या आरक्षणाने ती फिटणार नाही.