किरकोळ कारणावरून

पेपरात हे दोन शब्द आपण रोज वाचतो. किरकोळ कारणावरून मारहाण, किरकोळ कारणावरून वार. मीही वाचायचे आणि पान उलटायचे. आमच्या भाडेकरूच्या तक्रारीच्या पहिल्याच ओळीत ते टाइप होताना पाहिले, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "किरकोळ कुणी ठरवलं?"

ठाणे अंमलदार कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाले, "काकू, तशी लिहायची पद्धत आहे."

पुण्यातल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही बरीच वर्षं भाड्याने देतो. सध्या दोन मुली राहतात, एक नागालँडची आणि एक दार्जिलिंगची. नागालँडची सलूनमध्ये काम करते. त्या रात्री साडेनऊला ती स्कूटरवरून परत येत होती. भाजीच्या गाड्यांपाशी दोघांनी तिला आडवी गाडी घातली, स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि "चिंकी, चीनला जा" म्हणत हेल्मेट हिसकावून फेकलं. तिने किल्ली मागितली तर हात पिरगाळला. कोपरापासून मनगटापर्यंत सूज होती. आजूबाजूला वीसेक माणसं असतील. भाजीवाल्यानेच किल्ली परत मिळवून दिली.

खरं सांगायचं तर मी आधी म्हटलं होतं, "जाऊ दे गं, रात्रीची कुठे जातेस." ती म्हणाली, "आंटी, हर बार जाने देते हैं." मग मी चपला घातल्या. (याच मुलीला अखुनीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या, वासावरून मीही दोनदा बोलले आहे. तेही इथे लिहून टाकते.)

ठाण्यावर पहिला प्रस्ताव एनसीचा. अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा गुन्हा म्हणून नोंद, हातात एक कागद, विषय संपला. साध्या दुखापतीला आणि शिवीगाळीला एनसीच होते, त्यात अंमलदारांचं चुकलं नव्हतं. पण माझा भाचा शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. तो फोनवर म्हणाला, "मावशी, किल्ली काढली आणि रस्ता अडवला, हे आधी सांग. अडवणूक दखलपात्र आहे. एक कलम दखलपात्र असलं की सगळं प्रकरण दखलपात्र धरतात." भारतीय न्याय संहितेचं कलम १२६(२). हे वाक्य उच्चारल्यावर एनसीचं पुस्तक मिटलं गेलं आणि एफआयआरची खिडकी उघडली. इथपर्यंत वीस मिनिटं लागली.

पुढचा दीड तास एका वाक्यावर गेला.

मुलगी हिंदीत सांगत होती, अंमलदार मराठीत टाइप करत होते. स्क्रीनवर उमटलं ते असं: "किरकोळ कारणावरून वाद घालून, अश्लील शिवीगाळ करून, हाताने मारहाण करून पाहून घेण्याची धमकी दिली." तिच्या तोंडचा एक शब्द त्यात नव्हता. चिंकी नाही, चीन नाही. वाद तर झालाच नव्हता. वादाला दोन बाजू लागतात, ही घरी चालली होती.

मी म्हटलं, जे शब्द वापरले ते लिहा. ते म्हणाले, "शिवीगाळमध्ये सगळं आलं." मी म्हटलं, आईवरून दिलेली शिवी आणि ही एक नव्हे, ही चेहऱ्यावरून दिली आहे. त्यांनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता, मागे आणखी तिघे थांबले होते. म्हणाले, "काकू, चेहऱ्यावरून असं कलमच नाही. कलमात बसत नाही ते लिहून उपयोग काय?"

मी बँकेत ३१ वर्षं काउंटरवर काढली. खातं कुठलं ते बँक ठरवते, पण स्लिपवर रक्कम गिऱ्हाइकाने लिहिलेलीच राहते. मी तेच म्हटलं, "कलम तुम्ही लावा साहेब. हकीगत तिची आहे."

मधे ते एका फोनवर गेले, तेव्हा मी स्क्रीनकडे नीट पाहिलं. एफआयआरच्या नमुन्याला आरोपीच्या वर्णनाचा एक तक्ता जोडलेला असतो. त्यात बांधा, उंची, रंग, दात, केस, डोळे, सवयी, बोलीभाषा, तीळ, व्रण, कोड, गोंदण असे रकाने आहेत. मारणाऱ्याच्या अंगावर तीळ कुठे आहे याला जागा, पण त्याने हिलाच का निवडलं याला जागा नाही. ते जिथे येऊ शकतं अशी एकच जागा, ‘प्रथम खबर हकीगत’. तिथेच ‘किरकोळ कारणावरून’ येऊन बसलेलं.

शेवटी बाराच्या सुमारास वाक्य बदललं. "तू चिंकी आहेस, चीनला निघून जा, असे म्हणून..." ‘चिंकी’वरचा अनुस्वार सुटला होता, तो मी घालायला लावला. मी विजयी मुद्रेने भाच्याला फोन केला तर तो झोपला होता.

घरी आल्यावर खातेवहीची सवय उफाळून आली. हे पुढे जातं कुठे? देशभरच्या गुन्ह्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी छापतो. तिथला नियम असा की एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी मोजायला त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढाच धरायचा. म्हणजे आमची मुलगी कुठल्या तरी अडवणुकीच्या नाहीतर दुखापतीच्या ढिगात एक आकडा होऊन पडणार. ‘का’ हा प्रश्न त्या अहवालात येतो, पण खुनाच्या हेतूंच्या तक्त्यात. तिथे जातीय, धार्मिक अशा ओळी आहेत. दंगलींनाही कारणं विचारतात. हात पिरगाळलेल्याला कोणी विचारत नाही. २०१७ सालासाठी या विभागाने जमावहत्या आणि द्वेषापोटी झालेल्या गुन्ह्यांची माहिती गोळा केली होती, पण ती छापली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की या गुन्ह्यांची कायद्यात व्याख्या नसल्याने माहिती भरवशाची नव्हती, म्हणून ते काम थांबवलं. अंमलदार बोलले तेच, फक्त दिल्लीहून.

२०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून होणाऱ्या अपमानासाठी आणि हल्ल्यासाठी वेगळी कलमं सुचवली होती. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. तिच्यात पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, भाषा अशा कारणावरून खून केला तर कलम १०३(२) आहे. आमच्याकडे होते दोघेच, आणि मुलगी जिवंत आहे. इंग्लंडमध्ये म्हणे पीडिताला स्वतःला तसं वाटलं तरी पोलीस द्वेषाचा गुन्हा म्हणून खूण करतात आणि वंश, धर्म असे वेगवेगळे आकडे छापतात.

दुसरी वाट भाच्याने दाखवली. मुलगी अनुसूचित जमातीची, दाखला तिच्याकडे आहे. चारचौघांत अपमान, म्हणजे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(र). ठाण्यावर उत्तर मिळालं, "दाखला नागालँडचा आहे, महाराष्ट्रात चालत नाही." ते इतक्या ठामपणे सांगितलं की मी परत आले. चुकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्येच सांगितलंय की या कायद्याचं संरक्षण माणसाच्या मूळ राज्यापुरतं नाही, तो देशात कुठेही असला तरी आहे. त्या निकालाची प्रत जोडून आम्ही सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. नाहीतरी या कायद्याचा तपास त्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख दोन्ही. पोच नसली तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा. एकोणिसाव्या दिवशी फोन आला, कलमवाढ झाली. आता हा गुन्हा जमातींवरच्या अत्याचारांत तरी धरला जाईल.

दार्जिलिंगच्या मुलीचं मात्र काय, ते मला कोणी सांगू शकलं नाही. रस्त्यावर तिला तोच शब्द ऐकावा लागतो. पण ती जमातीच्या यादीत नाही. तिच्या तक्रारीत ‘किरकोळ कारणावरून’ आलं तर दुसरी वाट नाही.

राहिलेल्या गोष्टी आठवतील तशा सांगते. सही करण्याआधी जबाब तक्रारदाराला वाचून दाखवायचा असतो, तो तिला समजेल त्या भाषेत मागा. आमचीला मराठी वाचता येत नाही, मी नसते तर तिने सही केली असती. एफआयआरची प्रत फुकट मिळते, झेरॉक्सचे पैसे देऊ नका. हाताचा फोटो त्याच रात्री काढा, दुसऱ्या दिवशी सूज उतरते. ससूनला जायचं असेल तर आधी ठाण्यातून वैद्यकीय तपासणीचं पत्र घ्या, आम्ही उलटं केलं आणि दोन फेऱ्या झाल्या. अ‍ॅट्रॉसिटीसाठी १४५६६ ही हेल्पलाइन आहे, मला ती नंतर कळली. ठाण्याने तक्रार घेतलीच नाही तर ती लेखी स्वरूपात पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवता येते, आपल्याकडे उपायुक्तांकडे. आणि घरमालकांनो, पोलीस पडताळणीचा भाडेकरूचा फॉर्म जपून ठेवा. माझ्याकडच्या फॉर्मवर त्याच ठाण्याचा शिक्का होता, गाव, जिल्हा, राज्य सगळं लिहिलेलं. तरी त्या रात्री तिला पहिला प्रश्न होता, "इंडियन है ना?"

ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवा उठल्या आणि ईशान्येकडची पोरं पुणे स्टेशनवर गुवाहाटीच्या गाडीसाठी गर्दी करून होती, तेव्हा आमच्याकडचा मुलगाही डिपॉझिट न मागता गेला. ते पैसे कितीतरी दिवस माझ्या कपाटात होते.

गेल्या आठवड्यात भाजीवाल्याला जबाबासाठी बोलावलं होतं. परत आल्यावर मी विचारलं, शब्द सांगितलास ना? तो म्हणाला, "सांगितला की ताई, चिंकी म्हणाले म्हणून." लिहिलं काय, ते विचारलं. कोथिंबिरीची जुडी झटकत म्हणाला, "ते नाही पाहिलं. सही केली."

उद्या सकाळी परत जायचं आहे.