अकरा संध्याकाळी आणि एक खड्डा

माझा जादूगार वारला. शनिवारी रात्री पावणेअकराच्या सुमारास, एका अंधाऱ्या भुयारात, पायाखालची फरशी सरकून. मी वीस पृष्ठांचा फासा टाकला, तो घरंगळत जाऊन चिवड्याच्या वाटीला आपटला आणि दोनवर बसला. खाली भाले रोवलेले होते.

तसं त्याचं आयुष्य जेमतेम पाऊण तासाचं. पण त्याला रंगवायला मला अकरा संध्याकाळी लागल्या होत्या, हे दुःख वेगळं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, फाशांच्या दानांवर गोष्ट पुढे न्यायचा खेळ. तो खेळणारे लोक खेळत असतात, असा एक गैरसमज आहे. आम्ही पाच जण. कुणाचं ऑफिस, कुणाचं तान्हं बाळ, कुणाच्या सासूबाई आलेल्या. महिन्यातला एक शनिवार जुळला तर जुळला. खरा उद्योग चालतो तो उरलेल्या दिवसांत. आमच्यातला एक जण, ज्या राज्यात आम्ही कधी पाऊलही ठेवणार नाही, त्या राज्याची तीनशे वर्षांची वंशावळ लिहितोय. दत्तकविधानावरून दोन लढाया झाल्यात म्हणे. मी पात्रांच्या बाहुल्या रंगवतो.

बाहुली म्हणजे २८ मिलिमीटरची, आणि तेही बरेच जण तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. राखाडी प्रायमर मारला की ती राखेत लोळवलेल्या खारकेसारखी दिसते. मग पातळ रंगाचे दोन हात. घाई करून घट्ट रंगाचा एकच दिला तर नाक बुजतं. माझ्याकडे असे बिननाकाचे तीन बुटके आहेत. त्यानंतर वॉश. हा म्हणजे पाण्यासारखा पातळ, काळपट रंग. तो ओघळून खाचाखोचांत साचतो आणि इतका वेळ निळं पोतेरं वाटणाऱ्या झग्याला एकदम घड्या पडतात. वॉश हा आळशी माणसाचा देव आहे. ड्राय ब्रशचं उलटं. ब्रशवरचा रंग जुन्या बनियनला पुसून जवळजवळ संपवायचा आणि तो कोरडा ब्रश उंचवट्यांवरून नुसता झाडायचा. दाढीचा केस न् केस उठून येतो. इथवर कुणालाही जमतं.

डोळे मात्र सगळ्यांची जिरवतात. लहानपणी पेणला मामाकडे जायचो तेव्हा गणपतीच्या कारखान्याच्या दारात तासन् तास उभा राहायचो. सोंड, पितांबर कुणीही रंगवत असे. डोळ्यांची आखणी करणारा हात मात्र ठरलेला. तो माणूस रेघ ओढताना आसपासचे बोलायचे थांबत. माझ्या जादूगाराचा डोळा मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. आधी पांढरा ठिपका, त्यात काळा, मग बाहेर सांडलेलं कातडीच्या रंगाने झाकायचं. डावा डोळा जमला. उजव्याच्या ऐन वेळी कुकरची शिट्टी झाली आणि बुबुळ वर सरकलं. तेव्हापासून तो एका डोळ्याने आढ्याकडे बघत होता. वर बघत चालणारा माणूस खड्ड्यात पडेल नाही तर काय.

आईला हे सगळं पोरखेळ वाटतं. "एवढंसं ते, आणि लग्नातल्या मेंदीएवढा वेळ!" तिला मी सांगितलं की हा खेळच मुळी जुगाडातून उभा राहिलाय. १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या गावी त्याच्या पहिल्या हजार प्रती निघाल्या, तेव्हा खोकी हातानेच भरली होती. खेळाच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स. त्याच्या हाती हाँगकाँगची स्वस्तातली प्लॅस्टिकची खेळणी लागली. पिशवीवर म्हणे प्रागैतिहासिक प्राणी, पण आत धड कशालाच न मिळणारी ध्यानं. त्यातल्याच एकाचं झालं घुबडाच्या तोंडाचं अस्वल, दुसऱ्याचा झाला लोखंड गंजवून खाणारा राक्षस. दोघंही अजून खेळात आहेत. पुढे फासेही असे मिळत की आकडे नुसते कोरलेले. मेणाचा खडू घासून ते आपणच भरायचे. आई म्हणाली, "मग बरोबर आहे, तुलाच शोभतं."

खेळातल्या राज्यांच्या नकाशाबद्दल थोडक्यात सांगतो. जुना दिसावा म्हणून कागद कोऱ्या चहात बुडवला, वाळवला, आणि कडा करपवायला गॅसवर धरला. उत्तरेकडची दोन राज्यं गेली.

खरं तर दिवाळीच्या किल्ल्याची माती कालवलेल्या हातांना यात नवीन काही नाही. हळीव पेरून जंगल उगवायचं आणि गेरू लावून तटबंदी करायची, ही कामं आम्ही चौथीतच शिकलो. फरक फक्त मापाचा. आमच्या किल्ल्यावर गवळण बुरुजाएवढी आणि वाघ महाराजांच्या सिंहासनाहून मोठा, तरी कुणाची हरकत नसायची. इथे एक इंच म्हणजे पाच फूट, आणि दार अर्धा इंच बुटकं झालं तर वंशावळवाला पट्टी काढतो. जंगलाचा पाचोळा मात्र मी अजून घरचाच वापरतो: चहाचा चोथा, दोन दिवस उन्हात वाळवलेला.

पुढच्या खेळासाठी मी नवा माणूस लिहिलाय. जादूगाराचा जुळा भाऊ, बदला घ्यायला निघालेला. बाहुली तीच. अकरा संध्याकाळी काय अशाच सोडायच्या? फक्त उजवा डोळा पुसून पुन्हा काढायला घेतला. काल रात्री, गॅस बंद असल्याची खात्री करून. आता तो स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे बघतो. भुयारात तेवढं बरंच.